तात्पर्य कोणीं सांगावें?

“गोष्ट सांगा,” असें म्हणत मूल मांडीवर येऊन बसलें नाहीं, असें घर महाराष्ट्रांत विरळा. दिवेलागण झाली, शुभंकरोति आटोपलें, पानें घेण्यास थोडा अवकाश असला, कीं हा हट्ट सुरू व्हावयाचाच. आजीनें गोष्ट सांगावी, मुलानें हुंकार द्यावा, आणि गोष्ट संपली तरी “मग काय झालें?” हा प्रश्न संपूं नये, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तेंच मूल दुसऱ्या दिवशीं शाळेंत जातें. तेथेंही त्यास गोष्ट ऐकावयास मिळते; परंतु तेथें “मग काय झालें?” हें त्यानें विचारावयाचें नसतें. तेथें प्रश्न गुरुजींचा असतो, आणि तो एकच असतो: “या गोष्टीचें तात्पर्य काय?”

घरची गोष्ट आणि शाळेंतील गोष्ट यांमधील हा एका प्रश्नाचा भेद मला अनेक वर्षें क्षुल्लक वाटत असे. गेल्या हिवाळ्यांत माकणीस जाण्याचा योग आला, आणि तो क्षुल्लक नाहीं, किंबहुना मुलांस सद्वर्तन शिकविण्याच्या साऱ्या प्रश्नाचें मर्म त्यांतच आहे, अशी माझी खात्री झाली. ती कशी झाली, तें सांगण्यासाठीं हा लेख.

माकणी हें धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या, लोहारा तालुक्यांतील गांव. येथें तेरणा नदीवर धरण बांधलेलें आहे. सरकारी कागदांत त्यास निम्न तेरणा प्रकल्प म्हणतात. हीच तेरणा वरच्या अंगास संत गोरोबाकाकांच्या तेर गांवावरून वाहत येते आणि पुढें मांजरेस जाऊन मिळते. मुलूख काळ्या मातीचा, पाऊस बेभरंवशाचा, आणि कर्नाटकाची सीमा दूर नाहीं. त्यामुळें गांवच्या बाजारांत मराठीबरोबर कानडी, उर्दू आणि तांड्यावरच्या लोकांची गोरमाटी बोलीही कानांवर येते. माझे एक आप्त त्या भागांत प्राथमिक शिक्षक आहेत. त्यांच्या सौजन्यानें एका लहानशा शाळेंत दोन दिवस मागच्या बाजूस बसण्याची मुभा मला मिळाली.

सकाळीं परिपाठ झाला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, आणि मग बोधकथा, असा हा परिपाठ आतां महाराष्ट्रांतील बहुतेक सर्व शाळांच्या अंगवळणीं पडला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या राज्यानें मूल्यशिक्षण हा विषय शाळांतून आणला, आणि त्यासाठीं दहा मूल्यें निश्चित केलीं: राष्ट्रभक्ति, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. यादी उत्तम आहे. तींत नांवें ठेवण्याजोगें कांहीं नाहीं. त्या दिवशींची बोधकथा लांकूडतोड्याची होती. सांगणाऱ्या मुलीनें ती एका दमांत म्हटली, आणि “तात्पर्य” हा शब्द तिच्या तोंडून बाहेर पडतांच सर्व मुलांनीं एका सुरांत पुरें केलें, “नेहमीं खरें बोलावें.” त्यानंतर घटकाभरानें, याच सुरांत अग्रभागीं असलेल्या एका चिरंजीवांनीं शेजाऱ्याचें खोडरबर खिशांत घातलें, आणि विचारणा होतांच “मीं घेतलें नाहीं” असें शपथेवर सांगितलें!

मला हंसूं आलें. परंतु तें हंसूं त्या मुलास नव्हतें, आपणां सर्वांस होतें. आपणही त्याच्या वयांत हेंच केलें आहे. तात्पर्य हें आपण गोष्टीच्या शेवटीं म्हणावयाच्या मंत्राप्रमाणें म्हणत आलों. मंत्र म्हणतांना त्याचा अर्थ आपणांस लागू आहे, ही शंका मनास शिवली नाहीं.

तिसरा तास मराठीचा होता, वर्ग चौथीचा. गुरुजींनीं आदल्या दिवशीं मुलांस सांगून ठेविलें होतें, कीं प्रत्येकानें घरच्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक गोष्ट ऐकून यावें. पुस्तकांतील नको, तोंडची हवी. एक मुलगी उठली आणि तिनें चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगण्यास आरंभ केला. ही गोष्ट कोणास ठाऊक नाहीं? कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें मेणाचें. मोठा पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें. भिजलेला कावळा चिमणीचें दार ठोठावतो, आणि चिमणी बाळाचें न्हाणेंमाखणें काढून त्यास बाहेर तिष्ठत ठेविते. मुलीची बोली अस्सल तेरणाकांठची होती. “व्हतं” आणि “म्हनली” यांवांचून तिचें वाक्य पुरें होत नव्हतें. गुरुजींनीं एकदांही तिला मध्यें अडविलें नाहीं कीं शुद्ध करून सांगितलें नाहीं. गोष्ट संपली, आणि संवयीप्रमाणें मागच्या बाकावरून तात्पर्य आलें, “घर पक्कं बांधावं!”

त्यावर ती मुलगी वळून म्हणाली, “पर भूकंपात पक्कंच घर पडलं की! माझी आज्जी सांगती, दगडाच्या वाड्यातली मान्सं गेली, अन् कुडाच्या खोपीतली वाचली.”

वर्ग क्षणभर शांत झाला. या मुलुखांत भूकंप म्हणजे कोणता, हें सांगावें लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं हा प्रदेश हादरला. आदल्या दिवशीं गणपति बोळवून दमलेलीं गांवें गाढ झोपेंत होतीं. पलीकडे लातूर जिल्ह्यांतील किल्लारी, अलीकडे माकणीच्या शेजारचें सास्तूर, अशीं ५२ गांवें उद्ध्वस्त झालीं, आणि सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. मुलीची आजी सांगते तें अक्षरशः खरें आहे. या भागांत सुखवस्तु माणसाचें घर म्हणजे मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचें माळवद. दर पावसाळ्यापूर्वीं गळती थांबविण्यासाठीं माळवदावर माती चढवीत गेल्यानें तें वर्षानुवर्षें जड होत जाई. धरणी हलतांच त्या भिंती फुटल्या आणि तो सारा भार निजलेल्या माणसांवर आला. ज्यांचीं घरें कुडाचीं व गवती छपराचीं होतीं, त्यांच्या अंगावर पडण्यासारखें जड कांहीं नव्हतें. ज्यास गांव कच्चें घर म्हणे, त्यानें माणसें राखलीं. ज्यास पक्कें म्हणे, त्यानें घेतलीं.

नऊदहा वर्षांच्या एका मुलीनें आजीची गोष्ट आणि आजीचें आयुष्य हीं दोन्हीं एकमेकांशेजारीं ठेविलीं, आणि पाठ असलेलें तात्पर्य त्यांत बसत नाहीं, हें तिनें पाहिलें. विचार करणें म्हणतात तें याहून निराळें काय असतें?

गुरुजी चतुर होते. त्यांनीं स्वतः कांहींच उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, “मग चिमणीनें दार लवकर कां उघडलें नाहीं?” आतां मात्र वर्गाला कंठ फुटला. एक म्हणाला, बाळ खरोखरच न्हात असेल, त्याला टाकून आई कशी येणार? दुसरी म्हणाली, कावळा आधीं चिमणीची थट्टा करीत असेल, म्हणून ती रुसली असेल. तिसरा अगदीं हळू म्हणाला, “आमच्या आज्ज्याच्या पत्र्याच्या शेडाला कडीच नव्हती. कुनीबी यायचं.” भूकंपानंतर कित्येक कुटुंबांनीं पत्र्याच्या शेडांतून दिवस काढले, ती आठवण त्या मुलाच्या घरांत अजून बोलली जात होती. मग गुरुजींनीं फळ्यावर लिहिलें, ‘चिमणीच्या जागीं मी असतों तर...’ आणि मुलांस दहा ओळी लिहावयास सांगितल्या. त्या मुलीची वही मीं मागून पाहिली. तिच्या चिमणीनें दार उघडलें होतें, कावळ्यास पुसावयास फडकें दिलें होतें, आणि लगेच बाळाच्या पाळण्याची दोरी त्याच्या चोंचींत देऊन आपण चूल पेटवावयास गेली होती!

फळ्यावर त्या दिवशीं कोणत्याही मूल्याचें नांव लिहिलेलें नव्हतें. परंतु दहा मूल्यांची ती यादी हातांत घेऊन कोणी पाहतें, तर त्या दहा ओळींत त्यास संवेदनशीलता सांपडली असती, सौजन्य सांपडलें असतें, श्रमप्रतिष्ठा सांपडली असती, आणि पाळण्याची दोरी पाहून स्त्री-पुरुष समानताही सांपडली असती. फरक इतकाच, कीं तीं त्या मुलीला कोणीं दिलेलीं नव्हतीं. तिचीं तिला गंवसलीं होतीं.

येथें कोणी सुशिक्षित वाचक म्हणेल, कीं हा एक सुखद योगायोग झाला. भाषेच्या तासाचें काम भाषा शिकविण्याचें, त्यांत आजीबाईच्या गोष्टींस एवढें स्थान कशाला? त्यास माझें उत्तर असें, कीं या मुलुखांत आजीबाईच्या गोष्टींनींच पुष्कळ काळ मराठीचा तास घेतला आहे. उस्मानाबाद जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ सालीं हैदराबादेस विद्यापीठ निघालें, तेंही उर्दू माध्यमाचें. अशा काळांत स्वदेशी वृत्तीच्या शाळा मोजक्याच निघाल्या. त्यांतील एक प्रसिद्ध शाळा आजच्या याच लोहारा तालुक्यांत, हिप्परगा येथें, १९२१ सालीं सुरू झाली, आणि पुढें स्वामी रामानंद तीर्थांसारखा पुरुष तिचा मुख्याध्यापक झाला. परंतु जेथें अशी शाळा नव्हती त्या शेंकडों खेड्यांतील मुलांना मराठी कोणीं दिली? जात्यावरच्या ओवीनें दिली, कीर्तनानें दिली, पहाटे दारीं येणाऱ्या वासुदेवानें दिली, तुळजाभवानीच्या गोंधळ्यानें दिली, आणि घरच्या आजीनें दिली. राज्याची भाषा निराळी असतांही घराची भाषा टिकली, ती या गोष्टींच्या बळावर.

आणि भाषा म्हणून या गोष्टींचें सामर्थ्य कमी नाहीं. लोककथेंत एकच बोल पुनःपुन्हां येतो. लहान मूल तो बोल पकडून ठेवितें आणि त्याच्या आधारानें पुढचें अवघड वाक्य पार करितें. तिच्यांत वस्तूंचीं नांवें जिवंत असतात. उखळ, मुसळ, आधण, शिंकें, परसूं हे शब्द शब्दकोशांत पाहून कळण्याजोगे नव्हेत. ते कोणी तरी वापरतांना ऐकावे लागतात. शिवाय लोककथा ऐकणाराला सांगणारा बनविते. धडा वाचून झाला कीं संपला. गोष्ट ऐकून झाली, कीं ती धाकट्या भावंडास सांगितल्यावांचून मुलास राहवत नाहीं. सांगतां सांगतां तें आपलें वाक्य घडवितें, क्रम लावितें, कोठें थांबावें हें शिकतें. बोलीपासून आरंभ करून ग्रांथिक भाषेपर्यंत नेणारा याहून सोपा पूल मला तरी माहीत नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही निदान पांचवीपर्यंतचें शिक्षण शक्य तेथें घरच्या भाषेंत व्हावें, असें म्हटलें आहे; त्या धोरणाला वर्गांत उतरविण्याचा हा एक बिनखर्ची मार्ग आहे.

राहिला वर्तनाचा प्रश्न. त्यासाठीं आपण आपल्याच देवघरांत डोकावून पाहूं. श्रावणांत आपल्याकडे कहाण्या वाचण्याची चाल आहे. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. महादेवाचा गाभारा दुधानें भरावा म्हणून राजा आज्ञा करितो, कीं गांवांतील सर्व दूध देवळांत आणावें. धाकानें लोक सारें दूध आणतात. घरीं वासरें उपाशी, मुलें उपाशी. गाभारा कांहीं भरत नाहीं. एक म्हातारी मात्र आधीं लेंकरांबाळांना पाजते, वासरांना पाजते, घरच्यांचा आत्मा थंड करिते, आणि उरलेलें खुलभर दूध घेऊन देवळांत जाते. आणि तेवढ्यानें गाभारा भरतो. ही गोष्ट आपण किती वेळां ऐकली असेल! परंतु “राजाची आज्ञा म्हातारीनें मोडली, तें बरोबर कीं चूक?” असें आपण मुलांना कधीं विचारलें आहे काय? विचारून पाहा. आज्ञापालन आणि दया यांचा झगडा एका खुलभर दुधांत किती स्वच्छ दिसतो, आणि मुलें त्यावर किती पोक्तपणें बोलतात, तें पाहून आपणांस आश्चर्य वाटेल. पानभर उपदेशानें हें होणार नाहीं. कारण उपदेश उत्तर देतो, आणि गोष्ट पेंच टाकिते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे असेंही नाहीं. इंडोनेशिया या बेटांच्या देशांत घरोघरीं जावानी, सुंदानी, मिनांगकबाऊ अशा निरनिराळ्या भाषा बोलतात, आणि इंडोनेशियन भाषा पुष्कळ मुलांना शाळेंत गेल्यावरच नीट येते. तेथील सरकारनेंही चारित्र्यशिक्षणासाठीं अठरा मूल्यांची यादी केली आहे, आणि भाषेच्या तासाला लोककथांतून तीं शिकवावीं असा प्रयत्न चालतो. मलिन कुंदांग नांवाच्या मुलाची गोष्ट तेथें सर्वांना ठाऊक आहे. गरीब आईचा हा मुलगा परदेशीं जाऊन श्रीमंत होतो, परत आल्यावर आईस ओळख देत नाहीं, आणि तिच्या शापानें पाषाण होतो. पश्चिम सुमात्रांत पादांगजवळच्या समुद्रकांठीं तो पाषाण म्हणून एक खडक अजून दाखवितात. मातृभक्तीचा पाठ म्हणून ही गोष्ट सरळ आहे. परंतु त्यांचा दुसरा लाडका नायक कांचिल, म्हणजे हरणाच्या जातीचें एक इवलेंसें जनावर, मोठा वस्ताद आहे. तो मगरींना गणतीच्या निमित्तानें रांगेंत उभें करितो आणि त्यांच्या पाठींवरून नदी ओलांडतो. एवढेंच नव्हे, तर शेतकऱ्याच्या काकड्या चोरून निसटतोही. आतां याचें तात्पर्य काय लिहावें? चोरी करावी, असें? आपल्या पंचतंत्राचीही एक शाखा फार पूर्वीं जावांत गेलेली आहे, तेव्हां ही अडचण आपल्याच घराण्यांतली म्हणावयाची. आपला कोल्हा, आपला ससा, भोपळ्यांत बसून वाघास चकविणारी आपली म्हातारी, हीं सगळीं तात्पर्याच्या चौकटींत बसावयास नाखूषच असतात. दुबळ्यानें बलवानापासून जीव कसा वांचवावा, हें तीं शिकवितात. आणि दुबळ्याची युक्ति कोठें संपते व लबाडी कोठें सुरू होते, हें ठरविण्याचें काम ऐकणारावर सोडतात.

याहून कठीण गोष्ट पुढें आहे, आणि ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. लोककथा म्हणजे निर्मळ गंगाजळ नव्हे. तींत सावत्र आई बहुधा दुष्टच असते. नावडती राणी गोठ्यांत राहते आणि तें कोणास खटकत नाहीं. काळा वर्ण, अपंग शरीर, वांझपण यांची थट्टा असते. आणि अमुक जात लबाड, तमुक जात मूर्ख, असे शेरे तर पावलोपावलीं असतात. ज्या वर्गांत सावत्र आईच्या मायेंत वाढणारें मूल बसलेलें आहे, तेथें ती गोष्ट सांगतांना शिक्षकाचा आवाज कांपला पाहिजे. मग अशा गोष्टी वगळाव्या काय? कांहीं खुशाल वगळाव्या. जिच्या अंगीं केवळ हेटाळणी आहे, तिच्यासाठीं वर्गाचा वेळ दवडूं नये. पण पुष्कळशा गोष्टी कात्रीपेक्षां प्रश्नानें सुधारतात. “नावडतीनें काय केलें होतें, म्हणून ती नावडती झाली?” एवढें विचारलें, कीं मुलें गोष्टींत शोधूं लागतात, आणि तिचा कांहींच अपराध सांपडत नाहीं तेव्हां राजाकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागतात. न्यायबुद्धि जागी होते ती अशी. पुस्तकांत आधींच धुऊनपुसून ठेविलेल्या गोष्टींत मुलांना धुण्यासारखें कांहीं उरतच नाहीं.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांनीं विशेषेंकरून लक्षांत घ्यावी. आपण ज्यांना ‘आमच्या आजीच्या गोष्टी’ म्हणतों, त्यांतील कितीएक आपल्या आजीला कोणाकडून मिळाल्या? परसांत भांडीं घासणाऱ्या, दळणकांडण करणाऱ्या, शेतांत खुरपणाऱ्या बायकांकडून. १८६८ सालीं मेरी फ्रिअर या इंग्रज तरुणीनें दख्खनच्या लोककथांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. तिचे वडील मुंबईचे गव्हर्नर होते. तिला त्या कथा सांगितल्या होत्या अॅना लिबेराता डी सूझा नांवाच्या तिच्या आयानें, आणि त्या आयानें आपल्या आजीच्या तोंडून ऐकल्या होत्या. त्या पुस्तकाचा एक मोठा गुण असा, कीं सांगणारीचें नांव आणि तिची जीवनकहाणी त्यांत छापलेली आहे. आपल्यापैकीं किती जणांनीं आपल्या मोलकरणीचें नांव गोष्टीबरोबर मुलांना सांगितलें असेल? पुढें डॉ. सरोजिनी बाबर यांनीं लोकसाहित्य समितीच्या द्वारें खंडच्या खंड प्रसिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हें ऋण मोठें आहे. परंतु संग्रहांत गेलेली गोष्ट ही कोठारांत ठेविलेल्या बियाण्यासारखी; ती पेरावयाची जागा मुलाचा कान हीच.

आणि पेरणीस वेळ फार उरलेला नाहीं. माकणीच्या परिसरांत हें अधिकच जाणवतें. भूकंपांत माणसें गेलीं, त्यांच्याबरोबर त्यांच्या गोष्टीही गेल्या. उद्ध्वस्त गांवांपैकीं कित्येक नव्या जागीं वसलीं. रुंद रस्ते, रांगेनें घरें, सारें नीटनेटकें. परंतु ज्या पारावर, ज्या ढाळजेंत, ज्या आडावर गोष्ट सांगितली जाई, तीं ठिकाणें मागेंच राहिलीं. जातें तर गिरणीनें केव्हांच मुकें केलें. भूकंप प्रौढपणीं पाहिलेली पिढी आतां उतारवयांत आहे. त्या वर्गांतील मुलीची आजी आहे, म्हणून चिमणी-कावळ्याच्या गोष्टीला नवा प्रश्न फुटला. आणखी पंधरा वर्षांनीं तोच धडा पुस्तकांतून वाचणाऱ्या मुलीला ‘घर पक्कें बांधावें’ एवढेंच उरेल, आणि पक्कें म्हणजे काय, हें सांगणारें कोणी नसेल.

म्हणून माझी सूचना फार साधी आहे. शिक्षकांनीं आठवड्यांतून मराठीचा एक तास घरच्या गोष्टीस द्यावा. मुलानें ती आपल्या बोलींत सांगावी. तें सांगत असतांना त्याची भाषा दुरुस्त करूं नये, ती दुरुस्ती लिहिण्याच्या वेळीं सावकाश व्हावी. तांड्यावरच्या मुलानें गोरमाटींत ऐकलेली गोष्ट मराठींत आणावी. भाषांतराचा याहून चांगला धडा नाहीं. गोष्ट संपल्यावर गुरुजींनीं एकच प्रश्न विचारावा, आणि तो असा असावा, कीं ज्याचें उत्तर त्यांना स्वतःलाही ठाम माहीत नाहीं. घरीं आईबापांनीं एक वही घालावी. तींत गोष्ट, सांगणाऱ्या माणसाचें नांव आणि गांव, आणि ऐकून मुलानें काय विचारलें तें, अशा तीन नोंदी असाव्या. तात्पर्याचा रकाना कोरा सोडावा.

परत येतांना वाटेंत तेरला उतरून गोरोबाकाकांच्या समाधीचें दर्शन घेतलें. तेथील एक आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. गोरोबांच्या घरीं संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईचें लक्ष कुंभाराच्या थापटण्याकडे गेलें, आणि तें कशासाठीं असतें असें तिनें विचारलें. कच्चें मडकें कोणतें आणि पक्कें कोणतें, हें याच्यानें ओळखतात, असें गोरोबांनीं सांगितलें, आणि तेंच घेऊन ते एकेका संताच्या मस्तकावर थापटीत गेले. सारे स्वस्थ बसले; नामदेव मात्र रागावले. “हें मडकें कच्चें,” असा निर्णय झाला. दुखावलेले नामदेव अखेर विसोबा खेचरांकडे गेले, शिष्य झाले, आणि पक्के झाले.

ही कथा मीं लहानपणापासून नामदेवांच्या बाजूनें ऐकत आलों होतों. त्या दिवशीं प्रथमच ती कुंभाराच्या बाजूनें ऐकली. कुंभार मडक्याला ‘तूं पक्कें हो’ असें सांगत बसत नाहीं. तो हलकेंच थापटतो, आणि नाद ऐकतो. त्या खोडरबरवाल्या चिरंजीवांनीं ‘नेहमीं खरें बोलावें’ असें ओरडून सांगितलें, तो नाद त्यांचा नव्हता. तो आम्हींच शिकविलेला होता. भूकंपांत पक्कें घर पडलें असें ती मुलगी म्हणाली, तो मात्र तिचा होता.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं मी पुन्हां त्या शाळेच्या परिपाठाला उभा होतों. बोधकथा संपली, आणि मुलांनीं तात्पर्यासाठीं तोंडें उघडलीं. गुरुजींनीं हात वर करून त्यांना थांबविलें आणि म्हणाले, “आज तात्पर्य नको. मग काय झालें असेल, तें सांगा.”

मागच्या रांगेंतून पहिला हात वर आला, तो त्या खोडरबरवाल्या चिरंजीवांचा.